आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, मग बाळालाही होणार का?

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना चालू आहे. तीन वर्षांपासून थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेते. जाऊबाई म्हणतात, आईला थायरॉइड असला की बाळालाही जन्मतःच होतो आणि मूल मंद होतं. तेव्हापासून झोप लागत नाही. माझं लग्न आतेभावाशी झालं आहे. नणंदेचं सासरही नात्यातलंच, तिच्या मुलालाही लहानपणापासून थायरॉइडची गोळी चालू आहे. बाळाला हा त्रास होण्याचा धोका नेमका कशाने वाढतो? आता काही करता येईल का? बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या गावी होणार आहे.

उत्तर:

ताई, ज्या गोष्टीने तुमची झोप उडवली आहे ती बहुतेक बिनधोक निघेल. पण जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत, तिथे मी थबकलो. गेली २७ वर्षं मी लहान मुलं तपासतोय आणि हा प्रकार नेहमीचा आहे. घरातली काळजी एका बाजूला असते आणि खरा प्रश्न दुसऱ्याच बाजूला बसलेला असतो.

आधी गोळीचं बोलू. तुमच्या वयाच्या बाईला थायरॉइड कमी असण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार. यात शरीराच्याच अँटिबॉडी स्वतःच्या ग्रंथीला हळूहळू पोखरतात. तुमच्या फायलीत ‘अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह’ असं कुठे लिहिलेलं असेल तर ते हेच. या अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, पण बाळाच्या ग्रंथीचं सहसा काही बिघडवत नाहीत. अशा आयांची बहुतेक सगळी बाळं थायरॉइडच्या बाबतीत ठणठणीत असतात.

जाऊबाईंनी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. एक म्हणजे आईच्या रक्तात थायरॉइड कमी पडणं. दुसरी म्हणजे बाळाची स्वतःची ग्रंथीच नसणं किंवा ती नीट न चालणं. पहिली गोष्ट गोळीने पूर्ण भरून निघते. गर्भाची ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास काम करू लागते, आणि चांगला जोर धरते ती अर्धे दिवस उलटल्यावर. तोवर बाळाच्या मेंदूला लागणारं सगळं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, आईकडूनच जातं. म्हणजे तुम्ही सकाळी उठून घेता ती गोळी बाळासाठीही असते. ‘पोटातल्या बाळाला औषध नको’ म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळी बंद केलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. घाबरायचं असेल तर त्या गोष्टीला घाबरा. उलट दिवस राहिल्यावर बहुतेकींना डोस पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. तुम्ही दिवस राहण्याआधीही ७५ घेत होता आणि आजही ७५च घेत असाल, तर शेवटचा टीएसएच (मेंदूकडून थायरॉइड ग्रंथीला जाणारा हुकूम, ग्रंथी कमी पडली की तो चढतो) कधी केला ते बघा. पहिल्या अर्ध्यात दर चार ते सहा आठवड्यांनी आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, असा तो करायचा असतो. राहिला असेल तर याच आठवड्यात करून घ्या.

आता ज्या दोन वाक्यांपाशी मी थबकलो त्यांच्याकडे येतो: आतेभावाशी झालेलं लग्न आणि नणंदेच्या मुलाची गोळी.

बाळाला जन्मतः थायरॉइड कमी असण्यामागे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात ग्रंथी तयारच होत नाही, अर्धवट होते, किंवा चुकीच्या जागी राहते. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यापर्यंत उतरते. हा प्रवास अर्ध्यावर थांबला की ती वरच राहून जाते. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांप्रमाणे शंभरातली ८० ते ८५ बाळं या प्रकारातली असतात, आणि जागा चुकलेल्या ग्रंथीच्या बाबतीत मुलांपेक्षा मुली जवळपास दुप्पट दिसतात. असं का होतं याला बहुतेक वेळा उत्तर नसतं. आईने काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, कुठे गेली, याचा काही संबंध नाही. एकाच वारेवर वाढलेल्या अगदी सारख्या जुळ्यांतही सहसा एकालाच होतं आणि दुसरं मूल चांगलं असतं. घराण्यात पुन्हा दिसण्याचं प्रमाणही फार थोडं.

दुसऱ्या प्रकारात ग्रंथी जागेवर असते, कधीकधी नेहमीपेक्षा मोठीही, पण हार्मोन बनवण्याच्या साखळीतला एखादा दुवा जन्मतः निकामी असतो. कच्चा माल येतो, कामगार हजर असतात, पण एक यंत्र बंद. हा दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच उमटतो. आई-वडील स्वतः निरोगी असतात, त्यांना पत्ताही नसतो. दोघंही असे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक बाळ बाधित होण्याची शक्यता असते. आणि सख्ख्या मामे-आते भावंडांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा एकाच आजी-आजोबांकडून आलेला असल्यामुळे तीच बिघडलेली प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी हक्काची सून मानणाऱ्या आपल्या समाजात या प्रकाराचा वाटा पाश्चात्त्यांपेक्षा जास्त दिसतो, त्यात मला नवल वाटत नाही. लग्न कुणाशी करावं हे सांगणं माझं काम नाही, ते तर होऊनही गेलं आहे. पण नात्यातलं लग्न ही माहिती प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि बालरोगतज्ज्ञांना आधी सांगायची असते. ती सांगायला लाजू नका.

म्हणून नणंदेच्या मुलाची जुनी फाइल मला फार महत्त्वाची वाटते. ‘लहानपणापासून’ म्हणजे कधीपासून? जन्मानंतर पहिल्या महिन्यापासून की शाळेत गेल्यावर? आठव्या-दहाव्या वर्षी सुरू झाली असेल तर ते बहुतेक हाशिमोटोच, म्हणजे तुमच्यासारखंच, आणि तुमच्या बाळाशी त्याचा थेट संबंध नाही. पण पहिल्या काही महिन्यांतच गोळी लागली असेल तर गळ्याची सोनोग्राफी किंवा थायरॉइडचा स्कॅन केला होता का, त्यात ग्रंथी जागेवर होती का, गळ्याला सूज होती का, आणि कान कसे आहेत, हे विचारा. कानाचं विचारतोय कारण पेंड्रेड नावाच्या आजारात गलगंड आणि बहिरेपणा एकाच जनुकामुळे येतात. नणंदेला अपमान वाटणार नाही अशा बेताने विचारा. ‘माझ्या बाळासाठी डॉक्टरांनी विचारलंय’ असं माझ्या नावावर खपवलंत तरी चालेल.

त्या मुलाची ग्रंथी जागेवर असून काम करत नव्हती असं निघालं, तर तुमच्या बाळाचा धोका इतर घरांपेक्षा बराच जास्त धरायचा. पण वाईटात वाईट धरलं, म्हणजे तुम्ही दोघंही वाहक निघालात, तरी चारांतली तीन बाळं सुखरूप असतात. आणि चौथ्यालाही वेळेत गोळी मिळाली तर ते मूल शाळेत इतरांसारखंच शिकतं.

आईच्या गोळीबद्दल मी वर ‘बहुतेक’ बिनधोक म्हटलं, त्या ‘बहुतेक’चा खुलासा करायला हवा. आईला थायरॉइड आहे का, एवढ्या प्रश्नाने काही कळत नाही. ती गोळी का घेते हे विचारावं लागतं. एका बाळाचा टीएसएच फार वाढलेला आला होता. आईच्या कार्डावर नुसतं ‘हायपोथायरॉइड, गोळी चालू’ एवढंच. बाळाची ग्रंथी सोनोग्राफीत व्यवस्थित दिसत होती. आईशी बोलता बोलता तिच्या मंगळसूत्राच्या वर, गळ्याच्या वळीत एक पुसट आडवी रेघ दिसली. लग्नाआधी तिला थायरॉइड वाढल्याचा आजार होता, ग्रेव्ह्जचा. ऑपरेशन करून ग्रंथी काढली, म्हणून आता गोळी. घरच्यांच्या हिशेबी तो आजार संपला होता. पण त्या आजाराच्या अँटिबॉडी ग्रंथी काढल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. त्या टीपीओवाल्यांसारख्या निरुपद्रवी नसतात. वारेतून जाऊन त्या बाळाच्या ग्रंथीला उगाच पळायला लावतात, नाहीतर तिचं दार अडवून बसतात. या बाळाच्या वाट्याला दार अडवणाऱ्या आल्या होत्या. आईकडून आलेल्या अँटिबॉडी तीन-चार महिन्यांत, कधी सहा महिन्यांत ओसरतात, आणि मग गोळी थांबवता येते. पुढच्या बाळंतपणात मात्र आम्ही तिची टीआरएबी, म्हणजे याच अँटिबॉडींची, चाचणी आधीच करून ठेवली.

तेव्हा ज्या वाचक भगिनींना कधीकाळी थायरॉइड ‘वाढलेला’ होता, ऑपरेशन झालं असो की रेडिओआयोडीन घेतलेलं असो, त्यांनी आज कोणतीही गोळी चालू असली तरी ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. आणि वाढलेल्या थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल किंवा पीटीयू चालू असेल तर ते औषध बाळाच्या ग्रंथीलाही थोडं दाबतं. जन्मानंतर एक-दोन आठवड्यांत त्याचा अंमल उतरतो. म्हणून ते मनाने बंद करू नये, कारण आईचा न आवरलेला थायरॉइड बाळाला जास्त घातक. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरॉन नावाची गोळी असेल तर तीही सांगायची, तिच्यात आयोडीन भरपूर असतं.

आयोडीनची गंमत अशी की कमी पडलं तरी ग्रंथी अडते आणि जास्त झालं तरीही. कमतरतेचा इतिहास आपल्या देशाने फार जवळून पाहिला आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात नुसत्या आयोडीनच्या मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे उत्तर प्रदेशच्या तराईत नवजात बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड कमी असलेल्या बाळांचं प्रमाण इतर भागांच्या कितीतरी पट निघालं. मीठ बदलल्यावर हे चित्र पालटलं. आता तेच मीठ आपल्या स्वयंपाकघरांतून पुन्हा बाहेर चाललंय. गुलाबी मीठ, सैंधव, ‘नैसर्गिक’ खडे मीठ. उपासाला सैंधव ठीक आहे, पण गरोदरपणी रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच हवं. हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. घरी पोचलेल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन धरलं तर पाच ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅमच मिळतात. बाकीचं दूध, अंडी, मासळी यांतून. त्यात मीठही बिनआयोडीनचं घेतलं तर उरतं काय?

जास्तीचं आयोडीन बाळाला मिळतं ते बहुधा आम्हा डॉक्टरांच्या हातून. ते तपकिरी औषध, पोव्हिडोन-आयोडीन, जखमेवर उत्तम. पण नवजात बाळाची, त्यातही कमी दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की लावलेलं आयोडीन थेट रक्तात उतरतं आणि ग्रंथी काही दिवस संपावर जाते. बाळाच्या बेंबीला हे औषध रोज चोपडायची सवय काही ठिकाणी होती, अजूनही असेल. नाळ कोरडी ठेवायची, काही लावायचं नाही. बाळाला किंवा आईला आयोडीनचा डाय वापरून स्कॅन झाला असेल तर तेही लक्षात ठेवायचं.

कमी दिवसांची आणि कमी वजनाची बाळं हा धोक्याचा मोठा गट आहे. त्यांचा मेंदूकडून ग्रंथीला जाणारा हुकूमच अजून कच्चा असतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातली चाचणी नॉर्मल येते आणि टीएसएच चढतो दोन-तीन आठवड्यांनी. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, डोपामिन किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तेही टीएसएच दाबून ठेवतं. रक्त चढवलं असेल तर अहवालात दात्याचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून नमुना शक्यतो रक्त चढवण्याआधी घ्यावा. या सगळ्या बाळांची चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा करायची. जुळ्यांचीही, कारण सारख्या जुळ्यांत पोटातच एकमेकांचं रक्त मिसळतं आणि चांगल्या भावंडाचं थायरॉक्सिन आजारी भावंडाचा दोष झाकून टाकतं. डाउन सिंड्रोमच्या बाळांत धोका इतका वाढलेला असतो की जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी तपासावं लागतं. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांतही हे जास्त आढळतं.

एवढं सगळं सांगितल्यावर आता उलटं बोलतो. ही यादी तुम्ही पाठ केलीत तरी निम्मं कामही होणार नाही. माझ्याकडे जन्मतः थायरॉइड नसलेली जी बाळं आली, त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना थायरॉइड नव्हता, लग्न परक्यात झालेलं, दिवस पूर्ण भरलेले, वजन तीन किलो. यादीतलं एकही कलम लागू नाही.

अशांपैकी एक मुलगी पाच महिन्यांची होऊन माझ्यासमोर आली. तक्रार बद्धकोष्ठाची. आजी कौतुकाने सांगत होती, ‘लई गुणी लेकरू, रात्रभर झोपतं, रडायचं नाव नाही.’ दूध पाजायलाही उठवावं लागायचं. कावीळ महिना-दीड महिना रेंगाळली होती, कोवळं ऊन दिलं म्हणाले. बेंबी बाहेर आलेली, त्यावर नाणं बांधलेलं. रडली ती घोगरी. हातपाय गार, जीभ किंचित बाहेर, डोक्याच्या मागची टाळूसुद्धा बोट जाईल इतकी उघडी. मान अजून धरत नव्हती. जन्मली तेव्हा मात्र यातलं काही नव्हतं. असतही नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी मुळीच नसली तरी आईचं थायरॉक्सिन वारेतून थोडंफार पोहोचत असतं. बाळ त्या शिदोरीवर जन्मतं आणि पहिले काही दिवस दिसायला छान असतं. शिदोरी संपते तशी लक्षणं उमटतात, आणि ती ओळखू येईपर्यंत मेंदूच्या वाढीचे सगळ्यात मोलाचे आठवडे गेलेले असतात. त्या मुलीला गोळी सुरू केली, ती वाढली, हसायला लागली, चालली. पण शाळेतला अभ्यास तिला कधीच झेपला नाही. तिची आई अजूनही विचारते, आधी कळलं असतं तर? मी खरं उत्तर देतो, कारण तिला ते माहीतच आहे.

म्हणूनच १९७४ साली कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डॉ. जाँ दुसो यांनी एकेका बाळाची लक्षणं शोधत बसण्याऐवजी प्रत्येक नवजात बाळाच्या रक्ताचा थेंब तपासण्याचा कार्यक्रम सुरू केला. जगातल्या अनेक देशांत आज ही चाचणी दवाखान्यातून सुटण्याआधी होतेच. आपल्याकडे आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक बाळं तपासली, तेव्हा साधारण ११३० बाळांमागे एकाला हा दोष निघाला. पाश्चात्त्य देशांचा जुना आकडा तीन-चार हजारांत एक असा होता. गोव्यात २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात चाचण्या सुरू झाल्या. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या यादीत हा आजार आहे, पण ऐच्छिक म्हणून. त्यामुळे तुमच्या गावच्या दवाखान्यात चाचणी आपोआप होईल असं धरून चालू नका. मागून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे.

चाचणी कधी, यावर बराच घोळ होतो. जन्मल्याबरोबर बाहेरच्या गारव्याने आणि जन्माच्या ताणाने प्रत्येक बाळाचा टीएसएच उसळतो. पहिल्या अर्ध्या तासात ६० ते ८० पर्यंत जातो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उतरतो. या उसळीत रक्त घेतलं तर निरोगी बाळही आजारी दिसतं आणि घरात रडारड होते. म्हणून एक तर जन्मताच नाळेचं रक्त घ्यायचं, उसळीच्या आधीचं. नाहीतर ४८ ते ७२ तासांनी टाचेचं. सिझेरियन झालं तर तुम्ही तेवढे दिवस तिथेच असता. नॉर्मल झालं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, तर तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन परत जावं लागतं आणि नेमकं तिथेच सुटतं. ‘पाचवी पुजल्याशिवाय बाळ बाहेर काढायचं नाही’ म्हणणाऱ्या आजीला आधीच विश्वासात घ्या. टाचेला टोचताना बाळ अर्धा मिनिट रडतं. छातीशी घेऊन पाजत पाजत टोचलं तर तेवढंही नाही. आजी लोकांना एकदा कारण पटलं की त्याच पुढे होऊन टाच धरतात, हा माझा अनुभव.

तुमच्या बाबतीत मी नाळेचं रक्तही घेईन आणि त्यावर न थांबता दोन आठवड्यांनी पुन्हा तपासेन. हार्मोन बनवण्याच्या साखळीतला दोष सौम्य असेल तर पहिल्या खेपेला तो निसटू शकतो.

अहवाल हातात आल्यावर एक गोष्ट बघा. फिल्टर पेपरवर वाळवलेल्या थेंबाचे आकडे काही प्रयोगशाळा संपूर्ण रक्ताच्या मापात देतात, काही सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्याच्या. सीरमचा आकडा साधारण २.२ पटीने मोठा असतो. त्यामुळे शेजारणीच्या बाळाच्या आकड्याशी आपला ताडून पाहू नये. सीरमच्या मापाने टीएसएच २० च्या वर असेल तर पुढची तपासणी लागते. ४० च्या वर असेल तर शिरेतलं रक्त घेऊन त्याच दिवशी गोळी सुरू करायची. स्कॅनची तारीख पंधरा दिवसांनी मिळतेय म्हणून गोळी थांबवायची नसते. आणि टीएसएच ठीक असूनही कावीळ हटत नसेल, बाळाची साखर पुन्हा पुन्हा उतरत असेल किंवा मुलग्याचं लिंग फारच लहान असेल तर टी४ही, म्हणजे थायरॉक्सिनही, तपासायला सांगा. ग्रंथी चांगली पण मेंदूतली, टीएसएच बनवणारी पिट्युटरी ग्रंथी बिघडलेली असेल तर नुसत्या टीएसएचमध्ये ते दिसत नाही.

गोळी लागलीच तर ती तुमचीच गोळी, लहान डोसात. किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या बाळाला ३० ते ४५. जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू झाली पाहिजे. चमच्यात कुस्करून थोड्या अंगावरच्या दुधात किंवा पाण्यात, रोज ताजी. चार दिवसांची एकदम विरघळवून बाटलीत भरून ठेवायची नाही, पाण्यात ती टिकत नाही. लोह आणि कॅल्शियमची औषधं तिच्यासोबत नकोत, सोयाचं दूधही नको. काही बाळांचा दोष तात्पुरता असतो. तीन वर्षांचं झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून ते पडताळता येतं. त्याआधी स्वतःहून थांबवायची नाही, मूल कितीही चांगलं दिसो. ते गोळीमुळेच चांगलं दिसत असतं.

माहेरी जायच्या आधी नणंदेच्या मुलाच्या फायलीचे मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि सातव्या-आठव्या महिन्यातच तिथल्या डॉक्टरांना दाखवा, कळा सुरू झाल्यावर नको. एक शेवटची गोष्ट, ऐकायला क्षुल्लक वाटेल. एका बाळाचा वाढलेला टीएसएच प्रयोगशाळेत तीन आठवडे पडून राहिला होता. फॉर्मवर वडिलांचा नंबर होता, ते कामाला परगावी होते आणि अनोळखी फोन उचलत नव्हते. बाळ-बाळंतीण माहेरी, तिकडे कुणी कळवलंच नाही. तुमच्या बाळाच्या फॉर्मवर तुमचा स्वतःचा नंबर लिहा, खाली तुमच्या आईचा लिहा, आणि पाचव्या दिवसापर्यंत कुणाचा फोन आला नाही तर तुम्हीच करा.